अस्तराची बाजू

शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेत आमच्या वेळी मुलींना फारसा पर्याय नसे. पुठ्ठ्याचा घोडा मिळाला तर झाशीची राणी, नाही मिळाला तर सावित्रीबाई, आणि आयत्या वेळी काहीच जमलं नाही तर भाजीवाली. खामगावला आमच्या गल्लीत एकच लहान मापाची नऊवारी आणि एकच लाकडी तलवार होती, ती घरोघर फिरायची. खर्च शून्य. परीक्षकसुद्धा पोशाखापेक्षा चार वाक्यांचं भाषण पाठ झालंय का, एवढंच पाहत. त्यामुळे सिंगापुरातल्या सेरंगूनमध्ये वाढलेल्या माझ्या लेकीने नोव्हेंबरातल्या ‘ॲनिमे फेस्टिव्हल एशिया’साठी व्हिक्टोरियन पोशाख शिवायचं काढलं, तेव्हा मला आधी हसू आलं. सगळा बेत ऐकल्यावर मात्र मी मुकाट्याने शिलाई मशीनवरचं झाकण काढलं.

हा मेळा सिंगापुरात 2008 साली सुरू झाला. सनटेकच्या मोठ्या दालनांत शहरातली पोरं जपानी चित्रकथांमधली पात्रं होऊन हिंडतात. आपल्याकडचा बहुरूपी दारोदार जाऊन बिदागी मागतो; ही मंडळी उलट स्वतः तिकीट काढून आत जातात. लेकीला व्हायचं होतं मॅडम रेड. याना तोबोसो यांच्या ‘ब्लॅक बटलर’ या 2006 साली सुरू झालेल्या मालिकेतलं हे पात्र. काळ 1888च्या आसपासचा, गाव लंडन, नायक एक कोवळ्या वयाचा उमराव, आणि ही त्याची मावशी. लाल केस, लाल टोपी, नखशिखान्त लाल पोशाख. शिवाय पेशाने डॉक्टर. पुढे ती काय काय उद्योग करते हे लेकीने मला बराच काळ सांगितलं नाही. कळलं तेव्हा एकूण मावशी या नात्याबद्दलचा माझा विश्वास जरा डळमळला.

त्याच मालिकेत एक भारतीय राजपुत्र आहे. बंगालचा, नाव सोमा. गटातल्या मैत्रिणींनी लेकीला साहजिकच सोमा ठरवून टाकलं होतं. रंग जुळतो, कुर्ता घरात असणारच, पैसे वाचतील. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. लेक घरी येऊन म्हणाली, “आई, मी इंडियन आहे म्हणून इंडियनच व्हायचं, तर मग ते कॉस्प्ले कसलं? ते तर मी रोजच असते.” या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैशाची अट तिची तिनेच घातली. भाऊबीजेची ओवाळणी आणि साठवलेला खाऊचा पैसा मिळून ऐंशी डॉलर, त्यावर एक सेंटसुद्धा आमच्याकडून घ्यायचा नाही. तेवढ्या पैशात तयार पोशाख मिळतो, पण पातळ चकचकीत कापडाचा, पाठीला चेन लावलेला. आणि त्या काळच्या पोशाखाचा सगळा जीव ज्या मागच्या उभारात असतो, तिथे नुसती चार चुण्यांची झालर.

कापडाला कात्री लावण्याआधी आकार ठरवावा लागतो, आणि ‘व्हिक्टोरियन’ म्हणून एकच एक आकार नसतो. राणी गादीवर होती 1837 ते 1901. तेवढ्या काळात बाईच्या घागऱ्याचा घेर किती तरी वेळा जागा बदलून गेला. 1856च्या सुमारास पोलादी कड्यांचा पिंजरा आला आणि घागरा चारी बाजूंनी फुगला. 1870च्या आसपास पुढची बाजू सपाट होऊन सगळा फुगारा पाठीमागे गेला. मधली काही वर्षं तोही ओसरला, आणि 1883पासून परत आला तो असा, की कमरेखाली मागे जवळजवळ आडवी फळीच निघावी. दशक संपता संपता ही फळी मोडली आणि पुढच्या दशकात फुगारा बाह्यांवर चढून बसला. मॅडम रेडचा काळ फळीचा. आम्ही आमच्या पोशाखाचं साल 1885 धरलं. हे साल मी सुचवलं होतं, त्याचं कारण पुढे येईल.

सिंगापूरचं राष्ट्रीय ग्रंथालय व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच आहे, याची लेकीला फार मौज वाटली. तिथे आम्ही जॅनेट आर्नल्ड यांची पुस्तकं पाहिली. या इंग्रज बाईंनी संग्रहालयांतले जुने पोशाख हाताळून, उलटे करून, शिवण न् शिवण मोजून त्यांचे बेत चौकटीच्या कागदावर उतरवले. त्यांचं पहिलं पुस्तक 1964 सालचं. जगभरचे नाटकवाले आणि हौशी शिवणारे आजही त्या चौकटींवरून कापड बेततात. त्या आकृत्या पाहताना आम्हा दोघींच्या डोळ्यांत आधी भरली ती काटकसर. वर झळझळीत रेशीम, पण चोळीला आतून साधं सुती अस्तर. घागऱ्याचा जो भाग वरच्या झोळाखाली झाकला जाणार, तिथे रेशीम लावलेलंच नाही. स्वस्त सुती कापड जोडून काम भागवलेलं. चोळी आणि घागरा वेगवेगळे, म्हणजे एकाच घागऱ्यावर दिवसा बंद गळ्याची चोळी घालायची, संध्याकाळच्या मेजवानीला उघड्या गळ्याची. घागऱ्याच्या खालच्या कडेला एक जाडीभरडी फीत, रस्त्यावरचा चिखल तिने झेलायचा आणि ती झिजली की तेवढीच बदलायची. काखेत घाम टिपणाऱ्या गाद्या. कॉलर आणि कफ सुटे, धुण्यापुरते काढता येतील असे. फॅशन मागे पडली की शिवणी उसवून त्याच कापडाचा नवा बेत. हे खात्यापित्या घरांतसुद्धा चाले. ऐंशी डॉलरमध्ये आपण वैभवाची नक्कल करायला निघालोय, या विचाराने मी जरा संकोचले होते. तो संकोच तिथेच गेला. दिसेल तेवढंच रेशीम, हा नियम मूळ मालकिणींचाच होता.

आता रेशीम आणायचं कुठून? मराठी घरातल्या कपाटाच्या वरच्या खणात आहेराच्या साड्यांची एक चळत असते. त्या नेसायच्या नसतात, पुढे ढकलायच्या असतात. मुंजीत आलेली बारशाला जाते, बारशाला आलेली वास्तुशांतीला. देश सोडला तरी ही साखळी सुटत नाही. दर भारतवारीत दोन-चार साड्या बॅगेत येऊन पडतातच. आमच्या चळतीत कुंकवाच्या रंगाची एक आणि तिच्याहून थोडी गडद अशी दुसरी निघाली. दोन्ही कृत्रिम रेशमाच्या, दोन्हींना जरीचे काठ, साडेपाच मीटर लांबी आणि पंचेचाळीस इंच पन्हा. एक घागऱ्याच्या दर्शनी भागाला आणि खालच्या चुणीदार झालरीला, दुसरी वरच्या झोळाला आणि चोळीला. काठ उसवून कफांसाठी वेगळे काढायचे. पदर मागच्या उभारावरून खाली सोडायचा.

साडीचा लाल फार भडक आहे, अशी लेकीची कुरकुर होती. मी तिला सांगितलं, 1885चा लाल भडकच असायचा. 1856 साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा कोळशाच्या डांबरापासून कोयनेल बनवायच्या खटपटीत होता. हिवतापाच्या मुलखांत साहेबाला टिकून राहायचं तर कोयनेल हवं. ते काही जमलं नाही, पण भांड्याच्या तळाशी जांभळा रंग सापडला. 1858 साली थोरल्या लेकीच्या लग्नात राणीने जांभळ्या छटेचा पोशाख घातला आणि लंडन त्या रंगाने वेडं झालं. 1868मध्ये मंजिष्ठेच्या मुळातला लाल रंगही प्रयोगशाळेत तयार झाला, आणि युरोपातली मंजिष्ठेची शेतं बघता बघता बसली. निळीच्या शेतांवरही पुढे तीच पाळी आली. कारखान्यातला रंग स्वस्त होता आणि डोळ्यांत भरायचा. आमची आहेराची साडी याच घराण्यातली. लेकीला हे पटलं, की दुसरी साडी घ्यायला पैसे नाहीत हे पटलं, कोण जाणे. पण कुरकुर थांबली.

सेरंगूनहून नॉर्थ ईस्ट लाइनने लिट्ल इंडियाला उतरलं की टेक्का सेंटर. खाली मासळी, भाजी, बिर्याणी. वरच्या मजल्यावर कपड्यांची दुकानं आणि ब्लाउज शिवणारे शिंपी. तिथल्या एका तमिळ अण्णांनी आमचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. मागचा हा भाग भरीव असतो की पोकळ, एवढंच विचारलं, आणि पोकळ म्हटल्यावर त्यांचा रस संपला. पण लेस आणि फीत जवळच स्वस्तात मिळाली. तीन स्टेशनं पुढे चायनाटाउनच्या पीपल्स पार्क कॉम्प्लेक्समध्ये, ठाणं रचून ठेवलेल्या दुकानात, आपल्या मांजरपाटासारखं कोरं सुती कापड आणि आतल्या कमरबंदासाठी जाड ड्रिल घेतलं. कापड मोजणाऱ्या आंटींनी लेकीचं वय आणि बेत ऐकून वीतभर जास्तच कापलं. हिशोब असा झाला: कोरं कापड 15 डॉलर, ड्रिल 8, वेत 6, केबल टाय 3, हुक आणि काजं 4, लेस-फीत 9, दोरे 3, टोपीचा सांगाडा 2, आणि सगळ्यांत महाग लाल केसांचा टोप, 25. एकूण 75. उरलेल्या पाचात तिचा बबल टी आणि माझी कोपी.

आधी आतलं शिवायचं. बाहेरचं कापड किती लागेल, कुठे पडेल, हे आतल्या सांगाड्यावर ठरतं. लेकीच्या अंगावर जुना टी-शर्ट चढवून त्यावर चिकटपट्टी गुंडाळत गेलो, पाठीत उभा छेद देऊन तो कवचासारखा काढला आणि वर्तमानपत्रांचे बोळे भरून खुंटीला टांगला. बाजारात शिंप्याचा पुतळा मिळतो त्या पैशात आमचा अख्खा पोशाख झाला असता. मग कमरबंद. त्या काळी त्यात पोलादाच्या पट्ट्या किंवा देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पात्या घालत, स्वस्तातल्या कमरबंदात वेतही चाले. आम्ही जाड ड्रिलच्या दोन थरांत उभ्या टिपा मारून अरुंद नळ्या केल्या आणि त्यात केबल टाय सरकवले. टोकं मेणबत्तीवर जरा वितळवून गोल केली, नाहीतर बरगडीत टोचतात. आवळायचं नाही, फक्त पाठ ताठ राहील इतपतच, हे मी बजावलं होतं. पण दोन तास घालून पाहिल्यावर लेक आपणहून म्हणाली, “यात वाकताच येत नाही. खाली काही पडलं तर या बायका काय करत असतील?” दुसरं कुणीतरी उचलून देत असेल, असं म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली.

मागची फळी हे खरं कोडं होतं. वेत बादलीत भिजत ठेवून मऊ केला. सुती परकराच्या मागच्या निम्म्या भागावर एकाखाली एक नेफे शिवले आणि त्यांतून वेताच्या अर्धकड्या ओवल्या. एवढ्याने मात्र काहीच होत नाही. वेत सरळ व्हायला बघतो आणि परकर नुसता दोन्ही बाजूंना पसरतो. गंमत आतल्या बंदांत आहे. प्रत्येक अर्धकडीच्या दोन टोकांना आतून नाड्या लावायच्या आणि त्या पायांच्या मागे एकमेकींना बांधायच्या. टोकं जवळ आली की मधला बाक मागे रेटला जातो आणि फळी उभी राहते. नाडी जितकी घट्ट, तितकी ऐट. वरून पाहणाऱ्याला रेशमाचा डौल दिसतो, आणि तो डौल सांभाळतात सहा आण्यांच्या नाड्या. वेत लवतो म्हणून बसताना कड्या वर दुमडतात. उठल्यावर मागे हात घालून एक झटका द्यायचा की पुन्हा जागेवर. लेकीने हा झटका आरशासमोर इतका घोटवला की शाळेच्या गणवेशातही तिचा हात सवयीने मागे जायला लागला.

चोळीच्या वेळी खामगावहून आई व्हिडिओ कॉलवर हजर. तिने आयुष्यभर उषा मशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले आहेत, त्यामुळे नात काय करते यापेक्षा कशी करते यातच तिला रस. सांगाडा पाहून ती म्हणाली, “काहून वं, येवढा कपडा मांगं कायले? हा तं फुगलेला कासोटा झाला.” पण चोळीचा कागदी बेत कॅमेऱ्यासमोर धरला तेव्हा तिचा चेहरा बदलला. पुढे कमरेवर दोन-दोन टक्स, आणि पाठीच्या शिवणी मुंढ्यातून निघून खाली येता येता एकमेकींच्या जवळ सरकणाऱ्या. “हे हुशार बाईचं काम हाय,” ती म्हणाली. खांद्याशी पाठ रुंद आणि कमरेशी शिवणी जवळजवळ, म्हणून कंबर आहे त्याहून बारीक भासते. कापड तेवढंच लागतं, नजर फसते. मग तिने हुकूम सोडला: “आधी मुंढा नीट बसव, मंग बाकीचं पाय.” दीडशे वर्षांपूर्वीची लंडनची चोळी खामगावच्या मुंढ्याच्या हिशोबाने बसली, आणि झकास बसली.

त्या कोऱ्या सुती कापडावर टिपा मारताना मला आमचा मुलूख आठवत राहिला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडची रुई थांबली आणि लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे पाहू लागल्या. मुंबईत त्या पैशाने शेअरबाजाराला उकळी फुटली. आमच्याकडचा कापूस आखूड धाग्याचा म्हणून तिथले गिरणीवाले नाकं मुरडत, तरी घेत. 1870 साली खामगावला रेल्वेचा फाटा आला तो प्रवाशांच्या सोयीपेक्षा कापसाच्या गठ्ठ्यांसाठी. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. संग्रहालयातल्या एखाद्या रेशमी पोशाखाच्या अस्तरात आमच्या काळ्या मातीतला धागा असेलच, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण असलाच तर तो अस्तरातच असणार, दर्शनी बाजूला नाही.

अस्तराच्याच बाजूला आणखी एक माणूस सापडतं. 1863च्या जूनमध्ये लंडनमध्ये मेरी ॲन वॉकली नावाची वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी मेली. युवराजाच्या नव्या बायकोच्या सन्मानार्थ नाच ठरला होता, थोर घरच्या बायकांचे पोशाख वेळेत व्हायला हवे होते, आणि साठ मुलींबरोबर ती सलग साडेसव्वीस तास शिवत होती. शुक्रवारी आजारी पडली, रविवारी संपली. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये तिची नोंद केली म्हणून नाव उरलं. सिंगरच्या मशीनचं पेटंट 1851चं, म्हणजे मशीन तेव्हा आलेलं होतं. पण मशीनने शिवण भरभर होते म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी झालरी वाढवल्या, आणि त्या झालरींचं हातकाम वाचलं नाही ते नाहीच. ही गोष्ट लेकीला सांगितली तेव्हा ती तिसऱ्या झालरीच्या चुण्या घालत होती. तिने झालर खाली ठेवली आणि म्हणाली, “मग आपण दोनच लावू या.” पंचाहत्तर डॉलरच्या हिशोबात आमच्या दोघींच्या मजुरीचा रकाना नव्हता, हेही त्याच रात्री माझ्या लक्षात आलं. स्वस्त पोशाखात कुणाचे तरी तास धरलेले नसतात. फरक एवढाच की आम्हाला हवं तेव्हा मशीन बंद करून झोपता येत होतं.

आता 1885बद्दल. 10 ऑक्टोबर 1885 या तारखेचं एक छायाचित्र आहे, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातलं. तीन परदेशी विद्यार्थिनी: जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबूली आणि आपल्या आनंदीबाई जोशी, वय वर्षं वीस. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. त्या खोलीबाहेर, कॉलेजात आणि रस्त्यावर तेव्हा सगळीकडे फळीचे घागरे हिंडत असणार. आनंदीबाईंनी तिथल्या थंडीसाठी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीची साडी धरली, पण गाऊनला हात लावला नाही. मॅडम रेडही डॉक्टर आणि आनंदीबाईही, म्हणून लेकीला ते छायाचित्र दाखवावं, एवढाच माझा डाव होता. मनात कुठेतरी आशाही असेल, की पोर म्हणेल, मला या व्हायचंय. तसं काही झालं नाही. तिने फोटो बारकाईने पाहिला आणि विचारलं, “त्यांना कधी घालून बघावासा वाटला नसेल का गं?”

वाटला असेलही. पण त्यांच्या पदरावर साऱ्या जगाचे डोळे होते. पुण्या-मुंबईच्या सनातन्यांना बाई बाटली का ते पाहायचं होतं, अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना ती कधी बाटते याची घाई होती. एक गाऊन अंगावर चढला असता तर दोन्हीकडे त्याची बातमी झाली असती. आपले कपडे न सोडणं ही तेव्हाची हिंमत होती आणि आनंदीबाईंनी ती दाखवली. माझी लेक शनिवारी गाऊन घालून रविवारी सलवार-कुर्त्यात देवळात जाऊ शकते. त्याने कुणाचा धर्म बुडत नाही की कुणाचा फळफळत नाही. परक्याचा पोशाख गंमत म्हणून घालता येणं, ही चैन मोठ्या कष्टाने आपल्या वाट्याला आली आहे. ती करू नको असं तिला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

आणि खरं तर या किनाऱ्याला हा खेळ जुनाच आहे. 1870च्या दशकापासून मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या पेनांग, सिंगापूरपर्यंत यायच्या. मखमली अंगरखे, रंगवलेले पडदे, पेटी-तबला, आणि कथा कधी फारसी, कधी हिंदुस्थानी, कधी शेक्सपिअरच्या. इथले लोक त्या खेळांना ‘वायांग पारसी’ म्हणत. अशाच एका मंडळीने आपलं चंबूगबाळं विकलं ते पेनांगच्या मामाक पुशी या सधन मुसलमान गृहस्थांनी घेतलं, आणि त्या जुन्या पडद्या-पोशाखांवर 1885च्या सुमारास मलाय भाषेतली नाटक मंडळी उभी केली. मलाय संगीत नाटक, म्हणजे बंगसावान, तिथून वाढलं. परक्या राजांचे जुने अंगरखे, आपली माणसं, आपली गाणी आणि बेताचं भांडवल. आमच्या बैठकीच्या खोलीत चाललं होतं ते याहून फार वेगळं नव्हतं.

मेळ्याच्या दिवशी सेरंगूनहून सर्कल लाइनने प्रोमेनाडला निघालो. डब्यात बसायला जागा होती, पण लेक फळी सांभाळत खांबाला धरून उभी राहिली. बाहेर बत्तीस अंश, आत एसी. कमरबंदाखाली सुती बनियन घालायची युक्ती आजीची, ती फार कामाला आली. विषुववृत्ताला लागून असलेल्या या गावात एके काळी गोऱ्या बायका हा सगळा जामानिमा खरोखर घालून वावरत, याचं नवल वाटत होतं. 1879च्या जानेवारीत इसाबेला बर्ड ही प्रवासी लेखिका सिंगापुरात उतरली, तेव्हा तिला आपल्या लोकांच्या कपड्यांपेक्षा इथल्या दक्षिण भारतीय बायकांचं नेसणं अधिक देखणं वाटलं होतं आणि तिने तसं लिहूनही ठेवलं. डोळे उघडे असले की घरच्याच माणसालाही हे कळतं.

सनटेकच्या दालनात त्यांच्या गटाचा सोमा झाला होता एक चिनी मुलगा. फेटा त्याने मन लावून बांधला होता, आणि कपाळावरचा टिळा बरोबर आहे का, हे त्याने लेकीला दोनदा विचारलं. पुढचा तासभर फोटो झाले. सगळे पुढून, कारण चेहरा पुढे असतो. मग दुसऱ्या एका गटातल्या दोन अनोळखी मुली मागून आल्या आणि त्यांनी जाणकाराचा प्रश्न विचारला: आत काय आहे? लेकीने जराही न लाजता घागऱ्याची मागची कड उचलली. वेत, नेफे, नाड्या, कोऱ्या कापडाचं ठिगळ, रेशीम जिथे संपतं ती जागा. तिघी खाली बसून नाड्यांची गाठ कशी मारायची याची चर्चा करू लागल्या. पुढून काढलेल्या इतक्या फोटोंत लेक इतकी खुललेली दिसली नव्हती.

सिंगापुरात साहेबाच्या खुणा पुसलेल्या नाहीत. व्हिक्टोरिया थिएटर आहे, फोर्ट कॅनिंग आहे. आमच्याच भागात सेरंगून गार्डन्सच्या गल्ल्यांना केन्सिंग्टन, चार्टवेल, टॅव्हिस्टॉक अशी नावं आहेत. मुंबईतही तीच गत. ‘व्हिक्टोरियन’ म्हटलं की आपला आवाज नकळत एक पट्टी खाली येतो, मग इमारत असो, फर्निचर असो की लेस. माझाही यायचा. वेताच्या कड्या बांधता बांधता ती सवय सुटली. राग वगैरे काही आला नाही. तो दरारा कसा उभा केलाय, त्यात किती सुती ठिगळं आहेत, कुणाचा कापूस आहे आणि कुणाची झोप गेली आहे, हे हातांना कळलं एवढंच. पोरांना इतिहास शिकवायचा असेल तर जोडीला थोडी शिवणही शिकवावी, असं मला आता वाटतं. ज्याला शिवण कुठे आहे ते शोधता येतं आणि वेळ पडली तर उसवता येते, अशा माणसाला दिपवणं अवघड जातं. शिवाय आहेराच्या दोन साड्याही मार्गी लागतात.